जेट एअरवेज: उड्डाण थांबल्यावर विमान कंपनीत उरते काय?

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालील अधिकार वापरून जेट एअरवेजच्या अवसायनाचा (कंपनी गुंडाळून मालमत्ता विकण्याचा) आदेश दिला, तेव्हा त्या कंपनीचे शेवटचे विमान उतरून साडेपाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एवढ्या काळात कंपनीच्या नावावर एकही प्रवासी उडाला नाही, तरी ती पुन्हा उडणार अशा बातम्या मात्र ठरावीक अंतराने येत राहिल्या. या धाग्यात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. जेट तोट्यामुळे आजारी पडली हे उघड आहे, पण तिचा शेवट झाला तो उडत असताना घ्यायचे निर्णय लांबवल्यामुळे, आणि ते लांबवण्यात प्रवर्तक व बँका या दोघांचाही वाटा होता.

आधी थोडी मागची हकीकत. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर जवळजवळ चार दशके देशांतर्गत प्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स असेच समीकरण होते. उदारीकरणानंतर खासगी कंपन्यांना ‘एअर टॅक्सी’ या आडवाटेने परवानगी मिळाली. नरेश गोयल यांचा परदेशी विमान कंपन्यांची तिकिटे विकणाऱ्या एजन्सीचा अनुभव १९७० च्या दशकापासूनचा होता, आणि त्यांनी ५ मे १९९३ रोजी भाड्याने घेतलेल्या चार बोइंग ७३७-३०० विमानांसह जेटची सेवा सुरू केली. १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा जुना कायदा रद्द झाला आणि पुढच्या वर्षी जेटला नियमित वेळापत्रकाचा दर्जा मिळाला.

त्याच सुमारास सुरू झालेल्या ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त आणि एनईपीसी या कंपन्या १९९७ संपेपर्यंत आकाशातून दिसेनाशा झाल्या. (जाता जाता एक गंमत: मोदीलुफ्तची कंपनी कागदोपत्री जिवंत राहिली आणि तिच्यातूनच २००५ मध्ये स्पाइसजेट उभी राहिली. परत आला तो परवाना. विमाने, माणसे आणि नाव सगळे नवीन होते.) जेट टिकली याची कारणे शोधायला फार खोलात जावे लागत नाही. वेळेवर सुटणारी विमाने, अदबीने बोलणारे कर्मचारी, गरम जेवण आणि धंद्यानिमित्त फिरणारा, भाड्याची फारशी घासाघीस न करणारा प्रवासी. इंडियन एअरलाइन्सच्या कारभाराला कंटाळलेला हा वर्ग जेटने जवळजवळ संपूर्ण आपल्याकडे ओढला. धोरणेही अनेकदा तिच्या पथ्यावर पडली. सुरुवातीला गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचे भांडवल जेटमध्ये होते. १९९७ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना देशांतर्गत कंपन्यांत भांडवल ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांना बाहेर पडावे लागले, पण त्याच नियमाने टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्या संयुक्त प्रस्तावाचीही वाट अडवली. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमाने अशी अट आली, ती पुरी करू शकणाऱ्या मोजक्या खासगी कंपन्यांत जेट होतीच.

२००४ मध्ये चेन्नई-कोलंबो, २००५ मध्ये मुंबई-लंडन आणि त्याच वर्षी १,१०० रुपये दराने समभागांची सार्वजनिक विक्री: जेटचा हा सर्वोच्च बिंदू होता असे मला वाटते. गोयल यांनी सुमारे ८० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला आणि विक्रीतून जवळपास १,९०० कोटी रुपये उभे राहिले. पण ज्या वर्षी जेटचे समभाग बाजारात आले, त्याच वर्षी इंडिगो नावाच्या, तोवर एकही विमान न उडवलेल्या कंपनीने १०० एअरबस विमानांची मागणी नोंदवली होती. एकाच प्रकारची विमाने, एकच वर्ग, विमान विकत घेऊन लगेच विकायचे आणि भाड्याने परत घ्यायचे, ही त्यांची पद्धत. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांचे पहिले उड्डाण झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी देशांतर्गत बाजारातील हिश्शात जेटला मागे टाकले.

याला जेटचे उत्तर काय होते? एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा विकत घेतली, तिचे नाव जेटलाइट केले. २००९ मध्ये जेट कनेक्ट आणले. त्यामुळे एकाच कंपनीची तीन नावे एकाच विमानतळावर दिसू लागली आणि तिकीट काढणाऱ्याला आपल्याला जेवण मिळणार की नाही हे विमानात बसल्यावर कळू लागले. दुसऱ्या बाजूला बोइंग ७७७ विमानांत दार बंद करता येणाऱ्या पहिल्या वर्गाच्या खोल्या बसवून ब्रुसेल्समार्गे अमेरिकेची सेवा सुरू झाली होती. इतर कंपन्या त्याच विमानात जितकी आसने बसवत, त्यापेक्षा जेटच्या विमानात ती कमी होती. २००८ च्या जुलैमध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, सप्टेंबरात जागतिक मंदी आली आणि ही महागडी विमाने टर्किश एअरलाइन्ससारख्या कंपन्यांना भाड्याने देण्याची वेळ आली.

तरीही २००८ मध्ये, किंवा अगदी २०१२ मध्येही, जेट संपणार असे कोणी छातीठोकपणे म्हटले नसते. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीने सुमारे २,०५८ कोटी रुपये देऊन २४ टक्के हिस्सा घेतला. खेरीज लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील तीन स्लॉट (विमान उतरवण्या-उडवण्यासाठी राखीव वेळा) आणि जेट प्रिव्हिलेज या निष्ठावंत प्रवाशांच्या योजनेतील अर्ध्याहून किंचित जास्त हिस्सा यांसाठीही पैसे मोजले. इथे मला जेटच्या कथेतील सर्वांत बोलका तपशील दिसतो. एतिहादने विमाने घेतली नाहीत. तिने विकत घेतले ते उतरण्याचे हक्क आणि प्रवाशांची यादी. विमान कंपनीत खरोखर किंमत कशाला असते, हे त्या करारात लिहिलेले होते.

२०१६ च्या आरंभी तेल ३० डॉलरच्या आसपास आले, २०१५-१६ आणि २०१६-१७ या दोन्ही वर्षी जेटने नफा दाखवला, आणि माझ्या मते तेच घातक ठरले. स्वस्त तेलाने रोग झाकला गेला. २०१८ मध्ये तेल पुन्हा ८५ डॉलरच्या वर गेले, रुपया डॉलरमागे ७४ च्या खाली घसरला, आणि विमानांचे भाडे, देखभाल, कर्ज हे सगळे डॉलरमध्ये मोजणाऱ्या कंपनीला तिमाहीमागून तिमाही हजार कोटींहून अधिक तोटा होऊ लागला. ऑगस्टमध्ये तिमाही निकालच पुढे ढकलावे लागले. नोव्हेंबरात टाटा सन्सने बोलणी प्राथमिक पातळीवर असल्याचे जाहीर केले आणि पुढे काही झाले नाही. नव्या गुंतवणूकदाराने गोयल यांनी बाजूला व्हावे असे म्हणायचे आणि त्यांनी नियंत्रण न सोडता पैसे मागायचे, हे भिजत घोंगडे महिनोन्‌महिने तसेच पडून राहिल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांत सतत छापून येत होते.

३१ डिसेंबर २०१८ रोजी बँकांचा हप्ता चुकला. गोयल पती-पत्नी संचालक मंडळावरून पायउतार झाले ते २५ मार्च २०१९ रोजी. बँकांनी त्या दिवशी १,५०० कोटींच्या तातडीच्या मदतीची घोषणा केली, पण ती रक्कम कंपनीच्या हाती पडली नाही. १० एप्रिलला ॲमस्टरडॅम विमानतळावर थकबाकीपोटी जेटचे एक बोइंग ७७७ अडकवून ठेवण्यात आले. शेवटी निदान काही विमाने उडती ठेवण्यासाठी मागितलेले ४०० कोटीही नाकारले गेले आणि १७ एप्रिलच्या रात्री साडेदहाच्या सुमारास अमृतसरहून मुंबईला निघालेले विमान शेवटचे ठरले. काही महिन्यांपूर्वी ज्या कंपनीकडे सुमारे १२० विमाने आणि १६,००० हून अधिक कर्मचारी होते, तिच्याकडे त्या सकाळी जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमाने उडत होती.

जानेवारी ते एप्रिल हे चार महिने मला निर्णायक वाटतात. आपली मते जरूर मांडावीत.

प्रतिसाद: जमाखर्च

लेख आवडला, पण चार महिन्यांवर एवढा भार टाकणे मला पटत नाही. माझ्या हिशोबाने जेटचे भवितव्य २००७ मध्येच बिघडले. त्या एका वर्षात जेटने सहारा घेतली, किंगफिशर एअरलाइन्सने एअर डेक्कनमध्ये शिरकाव केला आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तिन्ही व्यवहारांमागे विचार एकच होता: स्पर्धकांची संख्या कमी झाली की भाडी वाढतील. भाडी वाढली नाहीत, कारण ज्यांच्यामुळे ती उतरत होती ती इंडिगो या तिन्हींच्या बाहेर होती. मग हाती काय आले? वेगवेगळ्या वयाची विमाने, दुप्पट कर्मचारी आणि कर्ज.

सहाराच्या बाबतीत तर जेटला सुटकेची संधीही मिळाली होती. जानेवारी २००६ मध्ये ५० कोटी डॉलरला ठरलेला सौदा जूनमध्ये मोडला होता. तिथेच थांबायला हवे होते. भाव कमी झाला म्हणून वर्षभराने तीच वस्तू घेणे ही बचत झाली असे समजणाऱ्यांपैकी मी नाही.

दुसरे म्हणजे विमानांचे प्रकार. बोइंग ७३७, बोइंग ७७७, एअरबस ए३३० आणि लहान शहरांसाठी एटीआर अशी चार घराणी एकाच कंपनीत नांदत होती. प्रत्येकाचे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळे. ७३७ चा वैमानिक आजारी पडला तर एटीआरचा वैमानिक त्याच्या जागी बसू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकारासाठी राखीव माणसे ठेवावी लागतात आणि ती बसून असली तरी त्यांचा पगार चालूच राहतो.

इंधनाचाही उल्लेख करायला हवा. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि राज्ये त्यावर मूल्यवर्धित कर लावतात. जेटचे माहेरघर मुंबई, आणि मुंबईत हा कर तेव्हा २५ टक्के होता. महाराष्ट्राने तो मुंबई, पुणे आणि रायगडसाठी १८ टक्क्यांवर आणला, पण २०२३ मध्ये.

प्रतिसाद: मधली रांग

जमाखर्च यांच्याशी बव्हंशी सहमत. मात्र इंधनकर इंडिगोलाही लागू होता, स्पाइसजेटलाही. कर सगळ्यांना सारखा असताना एकच कंपनी बुडते, तेव्हा कर हे कारण म्हणून अपुरे पडते.

ऑक्टोबर २००८ ची आठवण इथे कोणी काढली नाही याचे नवल वाटते. जेटने सुमारे १,९०० जणांना एका झटक्यात कामावरून कमी करायचे ठरवले, गणवेशातल्या मुलामुलींनी मुंबईत निदर्शने केली, काही जण राज ठाकरे यांच्याकडे गेले, आणि मुंबईतून जेटचे विमान उडू देणार नाही असा इशारा मनसेने दिला. दोनच दिवसांत गोयल यांनी सर्वांना परत घेत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी आम्हा सर्वांना तो कर्मचाऱ्यांचा विजय वाटला, आणि माणुसकीच्या दृष्टीने तो होताही. परंतु खर्च कमी करण्याचा आपला निर्णय कंपनी टिकवू शकत नाही, हे बाजाराला आणि व्यवस्थापनालाही त्या दोन दिवसांत कळले. पुढे २०१८ मध्ये पगार २५ टक्क्यांपर्यंत कापण्याचा प्रस्ताव आला आणि तोही मागे घेतला गेला. एकीकडे निर्णय एकट्याने घ्यायचे आणि विरोध झाला की एकट्यानेच मागे घ्यायचे, ही कार्यपद्धती धागाकर्त्यांच्या ‘लांबवलेले निर्णय’ या मुद्द्याला जास्त बळ देते.

प्रतिसाद: रात्रपाळी

विमान देखभालीच्या क्षेत्रात असल्यामुळे एका वाक्याबद्दल सविस्तर लिहितो: ‘उड्डाण थांबल्यावर उरते काय’.

विमान उभे राहिले म्हणजे खर्च थांबला असे बाहेरच्यांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. उभ्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्या आणि हवेच्या दाबाची छिद्रे झाकावी लागतात, नाहीतर त्यांत किडे घर करतात. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाके ठरावीक काळाने फिरवावी लागतात. इंजिने एक तर वेळोवेळी चालवून पाहावी लागतात, नाहीतर ओलावा शोषणाऱ्या पिशव्या घालून, झाकून, नोंद करून ठेवावी लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम एक आठवडा चुकले तरी त्याची किंमत दिसते. पैसे नसलेल्या कंपनीत हेच काम सगळ्यांत आधी चुकते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद. इंजिनातल्या फिरणाऱ्या चकत्यांचे आयुष्य ठरलेले असते आणि प्रत्येक चकती कारखान्यातून बाहेर पडल्यापासून किती वेळा उडाली याचा अखंड पुरावा लागतो. तो पुरावा तुटला तर उत्तम अवस्थेतला भागही भंगाराच्या मोलाचा होतो. कंपनी अडचणीत आली की उडणाऱ्या विमानासाठी उभ्या विमानाचे सुटे भाग काढले जातात. हे नियमात बसते, जगभर चालते, पण प्रत्येक भागाची नोंद दोन्ही विमानांच्या दप्तरात व्हावी लागते. ही नोंद ठेवणाराच पगाराविना बसला असेल तर पुढचे सांगायला नको. जेटच्या वैमानिकांचे आणि अभियंत्यांचे पगार २०१९ च्या सुरुवातीपासून थकले होते, हे तेव्हा जाहीरच होते.

त्यामुळे ‘जेटची विमाने विकून बँकांनी पैसे का वसूल केले नाहीत’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बहुतेक विमाने भाड्याची होती, ती मालकांनी नेली. त्यांतली बरीच बोइंग ७३७ काही आठवड्यांतच स्पाइसजेटच्या रंगात उडताना दिसली.

प्रतिसाद: उलटतपासणी

रात्रपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला कायद्याची जोड देतो. भारत २००८ पासून विमान भाड्याने देणाऱ्यांच्या हक्कांविषयीच्या केप टाउन या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. विमान भाड्याने देताना मालक भाडेकरू कंपनीकडून एक अपरिवर्तनीय अधिकारपत्र घेऊन ठेवतो आणि भाडे थकले की ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापुढे ठेवून विमानाची भारतीय नोंदणी रद्द करून घेतो. जेटच्या बाबतीत मार्च-एप्रिल २०१९ मध्ये हेच भराभर घडत गेले. दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली गेली ती २० जून २०१९ रोजी. दिवाळखोरी कायद्यातील स्थगितीचे, म्हणजे वसुली व जप्ती थांबवणारे, कवच तेव्हा मिळाले, पण ज्यांना ते द्यायचे त्या मालमत्तेपैकी बरीचशी तोवर देशाबाहेर किंवा दुसऱ्या कंपनीकडे गेली होती.

याच्या नेमके उलटे उदाहरण गो फर्स्ट या विमान कंपनीचे आहे. तिने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, स्थगिती मिळवली आणि विमाने जमिनीवर अडकली. मालक न्यायालयाचे उंबरठे झिजवत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमाने या स्थगितीतून वगळली, एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला आणि २०२५ मध्ये संसदेने यासाठी स्वतंत्र कायदाच केला. गंमत अशी की जेटची विमाने गेली म्हणून ती वाचली नाही, आणि गो फर्स्टची विमाने राहिली तरी तीही वाचली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिचेही अवसायन सुरू झाले. म्हणजे धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा, की विमान कंपनीची किंमत उडण्यात असते, तो दोन्ही बाजूंनी सिद्ध होतो.

आणखी एक नोंद. ॲमस्टरडॅमच्या त्या विमानामुळे नेदरलँड्समध्येही दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली होती आणि एकाच कंपनीवर दोन देशांत दोन प्रशासक नेमले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दोघांमधील सहकार्याच्या मसुद्याला मान्यता दिली. सीमेपलीकडच्या दिवाळखोरीसाठी आपल्याकडे तयार कायदा नसताना हे घडले, हे विशेष.

प्रतिसाद: ठेवीदार

सगळे प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट खटकली. बँकांनी ४०० कोटी दिले नाहीत, हा जणू गुन्हा असल्यासारखे लिहिले जात आहे. हे पैसे कोणाचे होते? सरकारी बँकांतले, म्हणजे तुमचे-माझे. किंगफिशरला २०१० मध्ये कर्जाची पुनर्रचना करून दिली, काही कर्जाचे समभागांत रूपांतर केले, आणि २०१२ मध्ये ती कंपनी बंद पडली तेव्हा बँकांच्या हातात काय होते, तर ब्रँडचे नाव. त्या अनुभवानंतर कोणता बँक अधिकारी आणखी एका बुडत्या विमान कंपनीला पैसे देण्याच्या कागदावर सही करेल? उद्या चौकशी झाली तर त्यालाच पिंजऱ्यात उभे राहावे लागते. गोयल यांना पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अटक केली, ती कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या कर्जप्रकरणातील आरोपांवरून. ते आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. माझे म्हणणे इतकेच की, २०१९ मध्ये अधिकाऱ्यांना वाटणारी भीती हवेतली नव्हती.

प्रतिसाद: धागाकर्ता

ठेवीदार यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. बँकांनी डोळे मिटून पैसे द्यायला हवे होते असे मला म्हणायचे नाही. जानेवारीतच ‘नाही’ म्हटले असते आणि कंपनी उडत असताना दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे नेली असती, तरी मी त्याला चांगला निर्णय म्हटले असते. प्रत्यक्षात झाले असे की बँकांनी ‘हो’ म्हटले आणि पैसे दिले नाहीत. फेब्रुवारीत एक रुपयात बहुमताचा हिस्सा घेण्याची योजना मंजूर झाली, मार्चमध्ये प्रवर्तकांना हटवले, १,५०० कोटी जाहीर केले. २ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे थकीत कर्जांबाबतचे फेब्रुवारी २०१८ चे ते परिपत्रक रद्द केले, ज्याच्या चौकटीत ही योजना बसवली होती, आणि संभ्रमात भर पडली. त्यानंतर इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले गेले. विमान कंपनी रोज आकसत असताना तिच्या खरेदीचे प्रस्ताव देण्याची मुदत मे महिन्यापर्यंत होती. जुना मालक गेलेला, नवा आलेला नाही, आणि मधल्या काळात जबाबदारी कोणाचीच नाही, असे ते आठवडे गेले.

तुलनेसाठी स्पाइसजेटचा डिसेंबर २०१४ पाहावा. तेल कंपन्यांनी इंधन रोखल्यामुळे एक दिवस तिची विमाने जवळपास दिवसभर उभी होती. परंतु सरकारने तेल कंपन्यांशी व बँकांशी बोलून थोडी सवलत मिळवून दिली, आणि काही आठवड्यांत कंपनी मारन कुटुंबाकडून अजय सिंह यांच्याकडे गेली. स्लॉट शाबूत राहिले, परवाना शाबूत राहिला. ती कंपनी पुढे कशी चालली हा वेगळा विषय. दुसरे उदाहरण एअर इंडियाचे आहे. तिच्यावरचे कर्ज जेटच्या कितीतरी पट होते, तरी जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी ती १८,००० कोटींच्या मूल्याने घेतली, कारण ती एक दिवसही थांबली नव्हती. सरकारने त्यासाठी करदात्यांच्या पैशांतून मोठे कर्ज वेगळे काढून आपल्या अंगावर घेतले, ही किंमत ठेवीदार मला लगेच दाखवून देतील हे मी जाणतो.

जमाखर्च यांच्या मुद्द्याबद्दल: रोग २००७ चा होता हे मान्य. पण त्या रोगासह ती आणखी १२ वर्षे उडाली.

प्रतिसाद: जमाखर्च

१२ वर्षे उडाली ती प्रत्येक वेळी काहीतरी विकून किंवा गहाण ठेवून. हीथ्रोचे स्लॉट, प्रिव्हिलेज योजना, विमाने, शेवटी प्रवर्तकांचे समभाग. एतिहादही मोठ्या मनाने आलेली नव्हती. एअर बर्लिन आणि अलिटालिया यांतही तिने असेच हिस्से घेतले होते, आणि २०१७ मध्ये त्या दोन्ही कोसळल्यावर जेटमध्ये आणखी पैसे ओतण्याची तिची इच्छा उरली नसावी. स्पाइसजेट वाचली तेव्हा तेलाचे भाव कोसळत होते. जेटच्या वेळी ते चढून बसलेले होते. ही तफावत धागाकर्त्यांच्या तुलनेत गळाली आहे.

प्रतिसाद: मधली रांग

हे दोन्ही मुद्दे ग्राह्य धरूनही एक प्रश्न राहतो. जेट विकत घेऊन पुन्हा उडवू पाहणाऱ्या जालान-कालरॉक या गटाच्या योजनेचे नेमके काय झाले? धनकोंच्या (कर्ज देणाऱ्यांच्या) समितीने ती ऑक्टोबर २०२० मध्ये आणि न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मंजूर केली होती. मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही पुन्हा मिळाला होता. मग अडले कुठे? आणि ज्या प्रवाशांचे तिकिटांचे पैसे अडकले, त्यांना आता काही मिळेल का?

प्रतिसाद: उलटतपासणी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: पैशांवर अडले. योजनेची एकूण रक्कम सुमारे ४,७८३ कोटी होती आणि पहिला टप्पा ३५० कोटींचा. त्यांतले २०० कोटी भरले गेले, उरलेल्या १५० कोटींसाठी आधी दिलेली बँक हमीच जमेस धरावी असे जालान-कालरॉक यांचे म्हणणे होते. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२४ मध्ये ते मान्य करून मालकी हस्तांतरित करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, २०० कोटी जप्त करायला सांगितले आणि हमी वटवण्याची मुभा बँकांना दिली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) देण्याचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता, त्यामुळे योजनेवरचा बोजा वाढला. शिवाय मुंबई आणि दिल्लीचे स्लॉट २०१९ मध्येच इतर कंपन्यांना वाटले गेले होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिथे नवा स्लॉट सहजासहजी मिळत नाही. परवाना हाती असून मुंबईत सोयीच्या वेळा नसतील, तर पूर्वीची जेट परत आणण्याचा हिशोब जुळणे कठीण होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कमी सुखावह आहे. अवसायनात वाटपाचा क्रम दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ ने ठरतो. सर्वप्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेले तारणधारक धनको हे बरोबरीने, त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, आणि पुढे विनातारण वित्तीय कर्जे व सरकारी देणी. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम कलम ३६ नुसार या वाटपाच्या बाहेर ठेवली जाते, हा कर्मचाऱ्यांना त्यातल्या त्यात दिलासा. तिकिटाचे पैसे परत मागणारा प्रवासी या यादीत ‘इतर देणी’ या गटात येतो. त्याच्याखाली फक्त समभागधारक उरतात, ज्यांत २००५ मध्ये १,१०० रुपयांना समभाग घेऊन ते आजवर जपून ठेवलेलेही आले.